इंजिन ऑइलमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) टाकल्याने इंजिन आतून साफ होतं का?

नका टाकू. ऑइल बदलण्याआधी अर्धा लिटर एटीएफ ओतून थोडी गाडी फिरवा, सगळा गाळ निघून येईल, हा तुमच्या मेकॅनिकचा सल्ला फार जुना आहे. पूर्वी साध्या इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट नसायचंच, तेव्हा याने फरक पडतही असेल. आज उलट आहे. गिअरबॉक्समध्ये इंधन जळत नाही, काजळी नाही, आम्ल नाही. म्हणून एटीएफमध्ये डिटर्जंट कमीच घालतात. इंजिन ऑइलमध्ये ते भरपूर असतं. म्हणजे एटीएफ ओतून तुम्ही चांगलं ऑइलच पातळ करता. १०० अंश सेल्सिअस तापमानाला १५डब्ल्यू-४० ग्रेडच्या इंजिन ऑइलचा दाटपणा १२.५ सेंटिस्टोक्सच्या (दाटपणा मोजायचं एकक) वर असतो. एटीएफचा साधारण ७. शिवाय लेव्हल आधीच पूर्ण असेल तर ती मॅक्सच्या वर जाते.

मला जास्त भीती वाटते ती गाळ खरंच सुटण्याची. चेंबरच्या, म्हणजे इंजिनखाली ऑइल साठतं त्या भांड्याच्या, तळाशी ऑइल पंपाच्या पाइपला बारीक जाळी असते. डांबरासारख्या खपल्यांनी ती बुजलेली मी गॅरेजमध्ये पाहिली आहे. जाळी बुजली की ऑइलचं प्रेशर पडतं आणि आधी बेअरिंग, टर्बो जातात.

तुमची गाडी डिझेल आहे, त्यामुळे ऑइल काळं दिसणारच. नवं टाकलं तरी लगेच काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. डिपस्टिकवरून ठरवू नका. ऑइल भरायचं झाकण काढून टॉर्च मारा. आत तपकिरी छटा असेल तर चिंता नाही. स्क्रूड्रायव्हरने खरवडून निघेल असा जाड थर असेल तर तो गाळ. पावसाळ्यात जवळच्या जवळ गाडी फिरली की झाकणाला पांढरट फेस येतो, ती थंड होऊन ऑइलमध्ये मिसळलेली वाफ असते. पण कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) तपासून घ्या.

थर पातळ असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर दोन-तीन वेळा लवकर, दोन-तीन हजार किलोमीटरला बदला. ब्रीदर पाइप (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा) चोंदलाय का तेही बघा. गाळ हळूहळू सुटतो, तेच बरं. थर जाड असेल किंवा गरम इंजिनवर आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी चालवू नका. चेंबर खोलून जाळी हाताने धुवून घ्या.