करारावर सही करण्याआधी त्या नर्सिंग होमचा रिपोर्ट वाच

तू मला ताई म्हणालीस, म्हणून सरळ अगंतुगं करते. तुझा प्रश्न थोडक्यात असा: एनक्लेक्स, म्हणजे अमेरिकेतली नर्सिंग लायसन्सची परीक्षा, पास झाली, एजन्सीने अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये नोकरी ठरवली, इंटरव्ह्यू पंधरा मिनिटांत उरकला. होमला चार स्टार आहेत म्हणे, आणि आठवड्याभरात करारावर सही हवी आहे. इतक्या लांबून ती जागा कशी आहे हे कळणार कसं?

कळतं. हॉस्पिटलपेक्षा नर्सिंग होमबद्दल तर जास्तच कळतं, कारण इथे त्यांची उणीदुणी सरकारच छापून ठेवतं. मी आले तेव्हा मला हे माहीत नव्हतं, त्याची किंमत मोजली. ते पुढे सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचं दहा-वीस खाटांचं खासगी हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. इथलं नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं राहतं घर. काही जण ऑपरेशननंतर महिनाभर येतात, बरेचसे शेवटपर्यंत असतात. त्यांना पेशंट नाही, रेझिडेंट म्हणतात. डॉक्टर रोज दिसत नाही. रात्री काही झालं तर आधी धावायचं तूच.

आता ते चार स्टार. मेडिकेअर म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा. त्यांच्या केअर कम्पेअर या साइटवर होमचं नाव टाक. एकूण स्टार बघून थांबू नकोस, खाली तीन वेगळे आकडे असतात: इन्स्पेक्शन, स्टाफिंग आणि क्वालिटी. क्वालिटीची बरीचशी माहिती होम स्वतः भरून पाठवतं, तेव्हा तिथे पाच स्टार दिसले तरी हुरळून जाऊ नकोस. स्टाफिंगचे तास पगाराच्या नोंदींतून येतात, तिथे थापा मारणं अवघड. इन्स्पेक्शन बाहेरचे लोक करतात, म्हणून मी सगळ्यात आधी तेच बघते. इन्स्पेक्शन दोन आणि क्वालिटी पाच असेल, तर माझ्या लेखी ते होम दोन स्टारचंच.

आणखी एक मेख आहे. इन्स्पेक्शनचे स्टार त्या-त्या राज्यातल्या होम्सची आपसात तुलना करून देतात. राज्यातल्या वरच्या दहा टक्क्यांना पाच, तळाच्या वीस टक्क्यांना एक. त्यामुळे टेक्सासमधले तीन आणि मिनेसोटातले तीन सारखे नव्हेत. नावापुढे लाल वर्तुळात हात दिसला तर तो रेझिडेंटच्या छळाबद्दल ठपका बसल्याचा इशारा असतो. २०१९पासून तो दाखवतात. तो दिसला की दुसरी जागा माग. मालकीची नोंदही बघ. होम नुकतंच विकलं गेलं असेल तर जुने स्टार जुन्या मालकाची पुण्याई.

खरा माल मात्र इन्स्पेक्शनच्या रिपोर्टमध्ये असतो. १९८७च्या कायद्यानंतर आजची तपासणीची पद्धत उभी राहिली. सरकारी पैसे घेणाऱ्या प्रत्येक होमची राज्याच्या इन्स्पेक्टरांकडून न कळवता तपासणी होते, दोन तपासण्यांमध्ये पंधरा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. तक्रार आली तर मध्येही येतात. कॉरिडॉरमध्ये "स्टेट आले" एवढंच कुजबुजतात आणि क्षणात सगळ्यांचे चेहरे बदलतात. त्यांनी लिहिलेल्या फॉर्मला पंचवीस-सदुसष्ट म्हणतात. डावीकडे त्रुटी, उजवीकडे होमने दिलेलं सुधारणेचं आश्वासन. ताजा रिपोर्ट होममध्ये कुणालाही सहज वाचता येईल असा ठेवावाच लागतो. तुला तो ऑनलाइन मिळेल. प्रोपब्लिका या बातम्या देणाऱ्या संस्थेच्या नर्सिंग होम इन्स्पेक्ट या पानावर शोधणं मला जास्त सोपं वाटतं.

तो वाचताना घाबरू नकोस, पानंच्या पानं असतात आणि एकही त्रुटी नसलेलं होम क्वचितच सापडतं. प्रत्येक त्रुटीला ए ते एल असं अक्षर असतं. डी, ई, एफ म्हणजे इजा झाली नाही पण होऊ शकली असती. जी, एच, आय म्हणजे खरोखर इजा झाली. जे, के, एल म्हणजे जिवावर बेतण्यासारखं. किचनच्या फ्रिजमध्ये तारीख न लिहिलेला डबा सापडला, तर तो ठपका मी सोडून देते. त्रुटी कुठल्या प्रकारची, हे सांगणारा एफचा नंबरही असतो. नर्स म्हणून तू हे नंबर शोध: एफ ६८९ म्हणजे पडणं आणि अपघात, एफ ६८६ म्हणजे बेडसोअर, एफ ७६० म्हणजे औषधातली गंभीर चूक, एफ ७२५ म्हणजे माणसंच पुरेशी नाहीत. या चौघांपैकी एखादा जी किंवा त्यापुढच्या अक्षरासह असेल तर तो परिच्छेद शब्दन् शब्द वाच. रेझिडेंटचं नाव नसतं, नंबर असतो. किती वाजता कॉल लाइट (नर्सला बोलवायचा बेडजवळचा दिवा) लागला, किती वाजता कुणी आत गेलं, नर्स काय म्हणाली, सगळं घड्याळासकट लिहिलेलं असतं. उजवा रकाना ऑनलाइन बहुधा नसतो, हाती लागला तर त्यात "स्टाफला ट्रेनिंग दिलं" हे ठरलेलं वाक्य येणारच. त्यावर विश्वास ठेवण्याआधी आदल्या वर्षीचा रिपोर्ट उघड. तोच नंबर तिथेही असेल तर ट्रेनिंग कागदावरच झालं.

आता माझं. दोन वर्षांचा करार करून ज्या पहिल्या होममध्ये आले, तिथे रात्री अडतीस रेझिडेंटना मी एकटी आरएन (रजिस्टर्ड नर्स) आणि दोन सीएनए (नर्सच्या मदतनीस). दुसऱ्याच आठवड्यात क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या सामानाची ट्रॉली, तपासायला गेले. सक्शन मशीन चालतं का, ऑक्सिजनची टाकी भरलेली आहे का, हे बघून रोज रात्री सही करायची असते. त्या दिवशी चौदा तारीख होती आणि तक्त्यावर तीस तारखेपर्यंत सह्या झालेल्या होत्या. मशीन लावून बघितलं तर नळीच नव्हती. त्या रात्री कुणाचा घास अडकला नाही, हे नशीब. पुढे एका आजींच्या खोलीत गेले तर कॉल लाइटची दोरी बेडच्या मागच्या कठड्याला गुंडाळून ठेवलेली. विचारलं तर सीएनए म्हणाली, "ती सारखी वाजवते."

वर्षभराने एका मैत्रिणीने त्या होमचे जुने रिपोर्ट दाखवले. मी येण्याच्या दोन वर्षं आधीचे. आवाक्याबाहेरचा कॉल लाइट, रात्री अपुरी माणसं, सगळं लिहिलेलं होतं. मी शहराचे फोटो बघत बसले होते, हे कधी उघडलंच नाही.

स्टाफिंगचा आकडा कसा वाचायचा ते सांगते. एका रेझिडेंटमागे दिवसाला किती तास, असा तो असतो. २०२४मध्ये केंद्र सरकारने किमान ३.४८ तास, त्यातले ०.५५ आरएनचे, असा नियम आणला. २०२५मध्ये कोर्टाने तो रद्द ठरवला. जुना कायदा आरएन दिवसाला सलग आठ तास असावी एवढंच मागतो, उरलेल्या वेळी एलपीएनवरही (आरएनच्या खालच्या दर्जाची लायसन्सधारक नर्स) भागतं. तरी ३.४८ ही पट्टी म्हणून हाताशी ठेव. शनिवार-रविवारचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो आवर्जून बघ. वर्षभरात किती नर्सेस सोडून गेल्या तेही तिथेच असतं. निम्म्याहून जास्त गेल्या असतील तर त्या का गेल्या, हे एजन्सीला विचारण्यात अर्थ नाही. तिथे काम केलेल्या केरळच्या किंवा फिलिपिन्सच्या नर्सेस फेसबुकच्या ग्रुपवर सापडतात, त्यांना विचार. त्या स्पष्ट बोलतात.

मग एक व्हिडिओ कॉल माग, आणि तो तिथल्या रविवारी. डायरेक्टर ऑफ नर्सिंग नसेल तर चार्ज नर्सशी बोल. तिला सांग, आजच्या स्टाफिंगचा कागद दाखव. रेझिडेंट किती, कुठल्या शिफ्टला आरएन, एलपीएन, सीएनए किती, हे रोज दर्शनी लावणं सक्तीचं आहे. कागद शुक्रवारचा असेल तर तुला कळलं. रात्री एका नर्सकडे किती रेझिडेंट, ओरिएंटेशन किती दिवस, शिफ्ट बदलताना नार्कोटिक्सची (मॉर्फिनसारख्या नशेच्या औषधांची) मोजणी दोघी मिळून करतात का, हे विचार. यातला शेवटचा प्रश्न तुझ्या लायसन्सचा आहे. मोजणीत एक गोळी कमी आली आणि सही एकट्या तुझी असेल, तर पुढचे महिने लायसन्स देणाऱ्या नर्सिंग बोर्डाच्या पत्रांना उत्तरं देण्यात जातात. पुढची नर्स आली नाही तर काय करता, हेही विचार. एकदा चार्ज घेतला की कुणाच्या हाती न सोपवता निघून जाता येत नाही. तो पेशंटला वाऱ्यावर सोडल्याचा ठपका होतो.

करारात दोन ओळी शोध. होम बदलण्याचा अधिकार कुणाचा, तुझा की एजन्सीचा? आणि मध्येच सोडलं तर किती भरायचे? २०१९मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने फिलिपिनो नर्सेसच्या खटल्यात अशी २५,००० डॉलरची अट बेकायदा ठरवली होती. म्हणून प्रत्येक करारातली अट आपोआप बाद होते असं मात्र नाही, इथल्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. घाई त्यांना असते. तुझी व्हिसाची रांग आठवड्याभराने लांबत नाही.

होमचं नाव आणि राज्य मला कळव, रिपोर्ट आपण दोघी मिळून वाचू. रविवारचा कॉल मात्र तूच कर, आणि त्या कागदावर कुठली तारीख होती ते सांग.