आनंदावरचं संशोधन वाचायचंय? मग इथून सुरू कर

अरे, आधी ती 'सुखी माणसाच्या दहा सवयी' टाईप रील्स बघणं बंद कर. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या, त्याच माणसांमागे आयुष्यभर लागून राहिलेल्या अभ्यासापासून सुरुवात कर, १९३८ पासून चालूय तो, एकूण ७२४ पोरं, निम्म्याहून जास्त बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली, दर दोन वर्षांनी प्रश्नावली, पुढे रक्ततपासण्या, मेंदूचे स्कॅन, म्हणजे पोरांचे आजोबा झाले तरी पिच्छा सोडला नाही यांनी. पन्नाशीत ज्यांचं आपल्या माणसांशी नीट जमत होतं ते ऐंशीत जास्त ठणठणीत निघाले, कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरूनही एवढं कळत नव्हतं. पण सुरुवातीला सगळे गोरे पुरुषच होते हां, हे ध्यानात ठेव. आणि लॉटरी जिंकलेले लोक इतरांपेक्षा फारसे सुखी नसतात म्हणणारा १९७८चा संशोधन-पेपर कुणी तोंडावर फेकला तर विचार, विजेते किती होते? फक्त २२.