मज्जारज्जूवरच्या संशोधनासाठी एमबीबीएस हवंच का?

प्रश्न : बारावीला पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) आहे. अपघातात दादाच्या मज्जारज्जूला इजा झाली, तेव्हापासून स्टेम सेल (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशी) संशोधनात जायचं ठरवलंय. घरचे म्हणतात, त्यासाठी डॉक्टरच व्हावं लागतं. एक क्लिनिक दादाला पेशी देण्यासाठी काही लाख मागतंय. काय करावं? – विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : एमबीबीएसची अट नाही. पेशी टोचतो सर्जन, पण त्या तयार करतात पेशीजीवशास्त्रज्ञ. टोकियोच्या केओ विद्यापीठात आयपीएस पेशींपासून (प्रौढ पेशींना मागे नेऊन बनवलेल्या स्टेम सेल) चेतापेशींच्या पूर्वज पेशी बनवून, इजेनंतर 14 ते 28 दिवसांत, 4 रुग्णांना प्रत्येकी सुमारे 20 लाख दिल्या. मार्च 2025 मध्ये निकाल आला : गंभीर दुष्परिणाम नाहीत, दोघांत सुधारणा. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि सुरुवातीच्या महिन्यांत शरीर आपणहूनही काहीसं सावरतं. मग श्रेय पेशींचं किती? हे शोधणं तुझ्या पिढीकडे आहे.

रोजचं काम मात्र नीट समजून घे. या पेशी 37 अंश सेल्सिअस आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढतात. त्यांचं पोषकद्रव्य बहुतेक ठिकाणी रोज बदलावं लागतं, रविवारीही. मायकोप्लाझ्मा हा सूक्ष्म जीवाणू शिरला तरी द्रव गढूळ होत नाही, म्हणून नियमित पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) करावी लागते. फार काळ वाढवलेल्या पेशींच्या गुणसूत्रांत बिघाड होतात. चेतापेशींकडे न वळलेल्या थोड्या पेशी मागे राहिल्या, तर रुग्णात गाठ होण्याचा धोका असतो. अशी चिकाटी आवडत असेल तरच ये.

आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या प्रवेश परीक्षेत 60 प्रश्न असतात, त्यांपैकी 15 गणिताचे. पीसीबीची मुलं तिथेच मागे पडतात. गणित आजपासून धर. तिथे बीएस-एमएस (पदवी आणि पदव्युत्तर एकत्र) पाच वर्षांचं. नाहीतर चांगल्या कॉलेजात बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी. पुढे नेट-जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा) आणि पीएचडी. पुण्याचं एनसीसीएस, बंगळुरूचं इनस्टेम या पेशी-संशोधन संस्था बघ. बारावीपासून दहा-अकरा वर्षं सहज जातात. रुग्ण तपासायची ओढ असेल तर नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा जरूर दे, एमबीबीएसनंतरही पीएचडी करता येते.

दादासाठी पैसे भरू नका. भारतात मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेल उपचाराला मान्यता नाही. तो फक्त मंजूर चाचणीतच देता येतो. अशी चाचणी सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंदलेली असते आणि तिथे रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. क्लिनिककडे तो नोंदणी क्रमांक मागा. सध्या फिजिओथेरपी, मूत्राशयाची निगा आणि दर दोन तासांनी कूस बदलणं यात खंड पडू देऊ नका.