सापडलेलं स्टार कासव आणि हुकलेले ४८ तास

सिंहगड रोडवरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. गेल्या जुलैत मोठ्या पावसानंतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांना एक कासव सापडलं. काळपट पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी फोटो टाकला, पण कुणी मालक पुढे आला नाही. मुलीला लळा लागला आणि कासव बाल्कनीतल्या पाण्याच्या टबात राहिलं. आता शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ म्हणतात की ते त्यांचं आहे, परत द्या, नाहीतर वनखात्याला कळवतो. ताई विचारतात: परत द्यावं का? पाळायचं लायसन्स मिळेल का? आणि 'विकत घेतलेलं नाही, सापडलं म्हणून सांभाळलं' एवढं सांगितलं तर चालेल ना?

अशी पत्रं मला पावसाळ्यापासून येत राहतात. पेठ बदलते, उपनगर बदलतं, गोष्ट तीच. त्यामुळे आपल्याकडचं रानातलं कासव घरी पाळता येत नाही, हे पुन्हा विस्ताराने लिहीत नाही. वर्णनावरून तुमच्याकडचं कासव स्टार कासव दिसतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून ते अनुसूची १ मध्ये आहे. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत.

ताई, तुमचं सगळं प्रकरण कलम ३९ च्या पोटकलम २ वर उभं आहे. बंदिवासात ठेवलेला वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता. ती ज्याच्या ताब्यात येईल, त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वन अधिकाऱ्याला कळवायचं आणि सांगितलं तर सुपूर्द करायचं. ताबा 'कोणत्याही मार्गाने' आला तरी, असं कायदा म्हणतो. विकत घेतलं, भेट मिळालं, पार्किंगमध्ये सापडलं, सगळं त्यात आलं. म्हणजे 'सापडलं' हा तुमचा बचाव नाही. सापडलं, इथून तुमची जबाबदारी सुरू झाली.

ग्रुपवर फोटो टाकायला त्या दिवशी तुम्हाला पाच मिनिटं मिळाली. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करायलाही तेवढीच लागली असती. मी चिडून लिहिते आहे, कारण तो एक फोन झाला असता तर आज तुम्हाला वकिलाची गरजच पडली नसती. तुमच्यासारखी सुशिक्षित माणसं 'आपण त्याचं भलंच करतोय ना' एवढ्यावर महिनोन्‌महिने निर्धास्त राहतात. कायदा ताबा पाहतो. कलम ५७ प्रमाणे ताबा सिद्ध झाला की तो बेकायदा आहे असं न्यायालय गृहीत धरतं, आणि तसा नाही हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं.

त्या ग्रुपमधला फोटो मात्र डिलीट करू नका. तो दोन्ही बाजूंनी बोलतो. कासव तुम्हाला उघड्यावर सापडलं, तुम्ही लपवलं नाही, हे त्यातून दिसतं. पण ४८ तास कधी सुरू झाले, तेही त्याच तारखेवरून ठरतं. तरीही ठेवा. पुसलेला पुरावा तुमच्या हेतूबद्दल जे सांगेल, ते याहून वाईट असेल.

आता ते गृहस्थ. त्यांना कासव अजिबात देऊ नका. कलम ३९ चं पोटकलम ३ म्हणतं, मुख्य वन्यजीव रक्षक किंवा अधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अशी मालमत्ता बाळगायची नाही, कुणाला द्यायची नाही, तिला इजा करायची नाही. 'परत देणं' हेसुद्धा देणंच. आज तुमच्यावर उशिराचा ठपका आहे, उद्या हस्तांतराचाही येईल. स्टार कासवावर त्यांची मालकी असूच शकत नाही. जुन्या काळापासून घरात असलेले प्राणी जाहीर करायची शेवटची मोठी संधी सरकारने २००३ साली दिली होती, आणि तेव्हाचं मालकीचं प्रमाणपत्र असतं तर ते गृहस्थ धमकी देत बसले नसते. ते स्वतः थेट कोर्टात जाऊ म्हणतील, तर कलम ५५ प्रमाणे खासगी व्यक्तीला आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. वनखात्याला फोन मात्र ते आज संध्याकाळीही करू शकतात. म्हणून तुम्ही त्यांच्या आधी पोहोचायला हवं.

पाषाण तलावात किंवा तळजाईच्या टेकडीवर नेऊन सोडायचा विचार कुणी सुचवला असेल, तर तोही सोडा. हे जमिनीवरचं, गवत-पाला खाणारं कासव आहे, त्याला पोहता येत नाही. ते मूळचं गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा आणि दक्षिणेतल्या आंध्र, तामिळनाडू, कर्नाटकच्या भागांतलं. तळ्यात ते बुडेल. बाल्कनीतल्या टबातूनही त्याला हे वाचताच बाहेर काढा, कोरड्या खोक्यात ठेवा, पाणी फक्त उथळ ताटलीत.

उद्या सकाळी काय करायचं, तर एक अर्ज. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या नावे, एका पानाचा. सापडल्याची तारीख, जागा, तेव्हापासून कुठे ठेवलं, आणि आता सुपूर्द करायचं आहे, एवढंच. तारीख मागेपुढे करू नका. 'कालच सापडलं' असं लिहाल, तर ग्रुपमधला फोटो तुम्हाला खोटं पाडेल. माफीनामा नको, निबंध नको. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि सही घ्या, आणि कासव देताना पंचनामा किंवा ताबापावती घेतल्याशिवाय तिथून निघू नका. बावधनच्या वन्यप्राणी उपचार केंद्रात थेट नेलंत, तरी खात्याकडे लेखी नोंद झाली की नाही ते पाहा.

जाताना वकील सोबत न्या. सहायक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने कलम ५० खाली तुमच्यासमोर नोंदवलेला पुरावा पुढे खटल्यात वापरता येतो. 'पोलिसांपुढचा जबाब कोर्टात चालत नाही' या ऐकीव भरवशावर तिथे काहीही बोलू नका.

गुन्हा नोंदला जाईल का? खात्री देता येत नाही. आपणहून आणून दिलेल्या प्राण्याच्या बाबतीत अधिकारी बहुधा ताबा घेऊन थांबतात, पण तसं बंधन त्यांच्यावर नाही आणि ४८ तासांचा उशीर माफ करायची तरतूद कायद्यात नाही. अनुसूची १ मधल्या प्राण्याचा गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. किमान कैद असल्यामुळे पैसे भरून प्रकरण मिटवण्याची कलम ५४ ची वाट इथे बंद आहे. काळ गेला की विसरतील, हीही आशा नको, कारण एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याला दखल घेण्याची कालमर्यादा नाही. दुसऱ्या बाजूला, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलं आहे. अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करायचा का, हे तुमच्या वकिलाने कागद पाहून ठरवावं.

खटला उभा राहिला, तर कासव मुद्देमाल होतं. मग साहेब रजेवर, पंच आले नाहीत, पुढची तारीख. माणूस निदान घरी जाऊन तारखेची वाट बघतो. प्राणी मात्र न्यायालयाच्या परवानगीअभावी पिंजऱ्यात अडकून राहू शकतो. मला या दिरंगाईचा मनापासून संताप आहे. म्हणून अर्जात एक ओळ घाला: कासवाची शक्य तितक्या लवकर त्याच्या मूळ अधिवासात रवानगी व्हावी, त्याला माझी हरकत नाही.

इतर वाचकांसाठी: कानामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव सापडलं, तर ते अमेरिकेतलं रेड-इअर्ड स्लायडर, बाजारात विकत मिळणारं. त्याला कलम ३९ चा हा हिशेब लागत नाही. तिथे हरवलेल्या वस्तूचा नियम लागू होतो. करार अधिनियमाच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती नीट सांभाळायची असते, आणि मालक शोधायचा प्रयत्न करायचा असतो. पण तेही नदीत किंवा तलावात सोडू नका. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक, म्हणजे बाहेरून येऊन स्थानिक जीवांना हुसकावणाऱ्या, प्रजातींच्या यादीत ते आहे. जात कोणती हे स्वतः ठरवू नका, फोटो आधी वनखात्याला दाखवा.

ताई, मुलीला खरं सांगा आणि वाटलं तर तिला सोबत न्या. पण अर्ज उद्याच द्या, आणि आवक क्रमांक मिळाला की मला कळवा.