एकाच जागेत तीन कोर्टे

प्रश्न : ४० बाय २० मीटरच्या मोकळ्या जागेत टेनिस, बास्केटबॉल आणि बॅडमिंटनची कोर्टे कशी बसवावीत?

उत्तर : टेनिसचे कोर्ट रेषांपुरते २३.७७ बाय १०.९७ मीटर असले, तरी मागे आणि कडेला धावण्याची जागा धरली की सुमारे ३६.६ बाय १८.३ मीटर लागतात, म्हणजे तुमची जागा त्यातच संपते. म्हणून २८ बाय १५ मीटरचे बास्केटबॉल कोर्ट त्याच पृष्ठभागावर वेगळ्या रंगाच्या रेषांनी आखावे, आणि बास्केटचे खांब हलवता येणारे घ्यावेत. पक्के खांब धावत्या टेनिसपटूच्या वाटेत येतात. लांबी शक्यतो उत्तर-दक्षिण ठेवावी, अन्यथा सर्व्हिससाठी चेंडू वर फेकताना मावळतीचे ऊन थेट डोळ्यांत येते. बॅडमिंटन मात्र, माझ्या मते, येथे नकोच. झुळकेनेही शटल भरकटते, त्याला छतच हवे.