शाळकरी स्पायडरमॅनची कॉमिक्स कुठून सुरू करू?

अरे डायरेक्ट नवीन अंकांवर उडी नको मारूस, डोक्याचं दही होईल. लेखक स्टॅन ली-चित्रकार स्टीव्ह डिटकोचे जुने 'अमेझिंग स्पायडरमॅन' घे, 1965 च्या 28व्या अंकात पीटर, म्हणजे स्पायडरमॅनच, शाळा संपवतो, म्हणजे तो भाग तसा छोटाच आहे. मारामारी पटापट वाच पण बाकीचे सीन सावकाश, पहिल्याच अंकात हा स्पायडरमॅनच्या नावाचा चेक घेऊन बँकेत जातो आणि क्लार्क ओळखपत्र मागतो, ड्रेस काय कोणीही घालेल म्हणे, मी जाम हसलो होतो. 12व्यात तर हा आजारी असताना व्हिलन डॉक्टर ऑक्टोपस सगळ्यांसमोर त्याचा मास्क ओढतो तरी हे किरकोळ पोरगं खरा स्पायडी असेल असं कोणालाच वाटत नाही. डायलॉग लांबलचक आहेत, होईल सवय. नंतर 2014 ची कमला खान घे, म्हणजे 'मिस मार्व्हल', तीही शाळकरी सुपरहिरो.