गांडूळखताच्या डब्यात बारीक किडे आणि चिलटे झाली आहेत; औषध फवारावे का?

आपण लिहिले आहे की जुळे सोलापुरातील आपल्या घराच्या गच्चीवर दोन महिन्यांपूर्वी सुरू केलेल्या गांडूळखताच्या डब्यात टाचणीच्या टोकाएवढे पांढरे आणि तांबूस किडे असंख्य झाले आहेत, झाकण उघडताच चिलटांचा थवा उठतो, आणि आता कीटकनाशक फवारावे की सगळा डबाच रिकामा करावा, हे कळत नाही. यांपैकी काहीही करू नये. मी विजापूर रोड भागात गेली काही वर्षे असे दोन डबे सांभाळतो आहे, आणि आपण वर्णन केलेला प्रकार सुरुवातीची तीन वर्षे माझ्याकडे दर एप्रिल-मेमध्ये ठरल्यासारखा होत असे.

ऋतू मुद्दाम सांगितला, कारण दोष बहुधा तिथेच आहे. आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर गेला की गांडुळे होरपळतील या काळजीने आपण डब्यात रोज तांब्याभर पाणी ओततो. त्यातच घरात कलिंगड, खरबूज आणि आंबे सुरू झालेले असतात आणि त्यांच्या साली डब्यात जातात. कलिंगडात तर नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. इथली हवा इतकी कोरडी की वरचा थर दुपारपर्यंत सुकतो, तो पाहून आपण पुन्हा पाणी घालतो, आणि प्लास्टिकच्या डब्याच्या तळाशी मात्र चिखल साचत जातो. त्या चिखलात हवा खेळत नाही, अन्न कुजण्याऐवजी आंबते, आणि आंबट ओलाव्यावर पोसणारे जीव आठवड्याभरात वाढतात.

आता हे जीव कोणते, ते पाहू. एक साधे भिंग घ्यावे. पांढरे किडे फुंकर मारल्यावर टुणकन उडी मारत असतील तर ते स्प्रिंगटेल आहेत. त्यांच्या पोटाखाली दुमडलेला एक काटा असतो आणि तो सोडून ते उडतात. ते बुरशी आणि कुजणारे पदार्थ खातात, गांडुळांना त्यांच्यापासून काहीही धोका नसतो, त्यामुळे त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. उडी न मारता सावकाश सरकणारे, गोल पाठीचे, तांबूस किंवा तपकिरी ठिपके दिसत असतील आणि भिंगातून आठ पाय मोजता आले, तर ते माइट, म्हणजे कोळ्यांच्या जातकुळीतले जीव आहेत. डब्याच्या कडांवर आणि टाकलेल्या अन्नाभोवती त्यांची दाटी होते. सर्वसाधारणपणे तेही जिवंत निरोगी गांडुळांवर हल्ला करीत नाहीत, पण संख्या फार वाढली की अन्नाच्या जागी त्यांचीच गर्दी होते आणि गांडुळे वर येईनाशी होतात. तिसरा प्रकार म्हणजे दोऱ्यासारखे बारीक पांढरेशुभ्र किडे. पुष्कळांना ती गांडुळांची पिल्ले वाटतात, पण गांडुळाच्या पिल्लाच्या अंगातून रक्ताची लालसर रेघ दिसते, यांच्यात ती नसते. हे पांढरे किडेही निरुपद्रवीच असतात, मात्र ते फार दिसू लागले की डबा आंबट झाला आहे असे समजावे.

चिलटांचे म्हणाल, तर फळांच्या सालींवर घोंघावणारी ती ड्रोसोफिला. आंबा किंवा पेरू पोखरणारी फळमाशी वेगळी. बागाईतदार नातेवाइकाने घाबरवले असेल तर ही भीती मनातून काढून टाकावी. ड्रोसोफिलाची अंडी बहुतेक वेळा बाजारातून सालींवरूनच घरात येतात आणि आपल्या हवेत आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. म्हणून साली आणि चोथा डब्यात टाकण्याआधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावा. अंडी मरतात, शिवाय गोठून सुटलेला पदार्थ गांडुळांना खायला मऊ होतो. मात्र तो डब्यात टाकण्यापूर्वी चाळणीत निथळू द्यावा, नाहीतर पाण्याचा प्रश्न तिथेच राहील.

उपायाला सुरुवात पाण्यापासून करावी. खालच्या थरातले मूठभर खत घेऊन घट्ट आवळावे. एक-दोन थेंब आले तर ओल योग्य आहे, धार लागली तर पाणी जास्त आहे. आपल्या डब्यात धारच लागेल असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर दहा दिवस अन्न आणि पाणी दोन्ही पूर्ण बंद ठेवावे. गांडुळे उपाशी मरणार नाहीत, कारण डब्यातला कागद आणि अर्धवट कुजलेला माल त्यांना पुरतो. तळापर्यंत हात घालून हलक्या हाताने माल उकलावा आणि त्यात कोरडा माल भरपूर मिसळावा. कोकोपीट विकत आणण्याची गरज नाही. डाळिंबाच्या रिकाम्या खोक्यांचा पुठ्ठा फाडून चालतो, वर्तमानपत्राच्या पट्ट्या चालतात, आणि ज्या गावात घरोघरी शेंगांची चटणी कुटली जाते तिथे टरफलांना तोटा नाही. कच्च्या शेंगांची टरफले मी हाताने चुरडून घालतो. ती लवकर दबत नाहीत, त्यामुळे मालात हवा राहते. खारवलेल्या शेंगांची टरफले मात्र नकोत, मीठ गांडुळांना सोसत नाही.

आंबटपणा कमी करण्यासाठी अंड्याची कवचे वाळवून मिक्सरमध्ये अगदी बारीक पूड करावी आणि दोन मुठी मिसळाव्यात. घरात अंडी येत नसतील तर शेजाऱ्यांकडे मागावीत, पण त्याऐवजी पानाचा चुना टाकण्याचा मोह होऊ देऊ नये. चुना गांडुळांची त्वचा भाजतो.

माइटांची संख्या लगेच उतरवायची असेल तर शिळी भाकरी उपयोगी पडते. ज्वारीच्या भाकरीचा हाताएवढा तुकडा किंचित ओला करून संध्याकाळी मालावर ठेवावा. सकाळपर्यंत त्याची खालची बाजू तांबूस ठिपक्यांनी भरलेली आढळेल. तो अलगद उचलून साबणाच्या पाण्यात बुडवावा आणि चार-पाच रात्री हेच करावे. कलिंगडाच्या सालीनेही हे साधते, पण भाकरी पाणी सोडत नाही, म्हणून मला ती बरी वाटते. हा तुकडा दुसऱ्या दिवशी तिथेच विसरला तर मात्र आपण माइटांना जेवण वाढल्यासारखे होईल. चिलटांसाठी वाटीत गुळाचे पाणी, थोडे व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून ती वाटी डब्याशेजारी ठेवावी, आणि मालावर दोन-तीन बोटे जाडीचा कोरड्या कागदाचा थर कायम ठेवावा. अन्न यापुढे त्या थराखाली पुरावे, वर पसरू नये.

पाणी बंद केल्यावर गांडुळे उन्हाने मरतील, ही आपली शंका मी गृहीत धरतो. शंका रास्त आहे; लाल गांडुळांना, म्हणजे आयसेनिया फेटिडाला, साधारण पंधरा ते पंचवीस अंश मानवतात आणि पस्तिशीच्या पुढे ती तगत नाहीत. परंतु डबा गार करण्याचे पाणी आत घालायचे नसते. माठ गार होतो तो बाहेरच्या अंगाने पाणी झिरपून उडून जाते म्हणून, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत ही युक्ती फार चांगली चालते. डबा गच्चीवरून जिन्याखाली किंवा उत्तरेकडच्या भिंतीशी आणावा, त्याला बाहेरून गोणपाट गुंडाळावे आणि ते दिवसातून दोनदा भिजवावे. हा बदल केल्यापासून मला उन्हाळ्यात डबा कमी भरून, पण जिवंत ठेवता आला आहे. उन्हाळ्यात अन्नही कमीच द्यावे. चांगल्या हवेत अर्धा किलो गांडुळे रोज पाव किलोपर्यंत ओला कचरा संपवतात, मे महिन्यात मी त्याच्या निम्म्यानेही देत नाही.

औषधाविषयी माझा अनुभव सांगतो. दुसऱ्या वर्षी मुंग्या आल्या म्हणून मी मुंग्या-झुरळांच्या खडूची रेघ डब्याच्या कडेने ओढली. रात्री कडेवर ओल सुटली, पूड आत उतरली, आणि सकाळी वरची गांडुळे वळवळत बाहेर पडून मेलेली होती. अशा खडूंमध्ये पायरेथ्रॉइड वर्गातले कीटकनाशक असते आणि गांडुळे त्वचेतूनच श्वास घेत असल्यामुळे त्यांना ते लगेच बाधते. निंबोळी तेलाचा फवाराही मी थेट मालावर मारणार नाही. मुंग्या म्हणजे उलट डबा कोरडा पडल्याची खूण असते. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले की त्या येत नाहीत. या वाट्यांतले आणि खालच्या ताटात झिरपलेले पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून टाकावे, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतील आणि मग शेजाऱ्यांचे बोलणे खाणे रास्तच ठरेल.

तयार खतात थोडे माइट किंवा स्प्रिंगटेल राहिले तरी ते कुंड्यांत घालण्यास हरकत नाही, कारण कुजलेल्या मालावर जगणारे हे जीव झाडाची पाने खात नाहीत. फक्त बी पेरायचे असेल तर ते खत सावलीत पसरून आधी सुकवावे, कारण ड्रोसोफिलाहून वेगळ्या, काळसर बारीक चिलटांच्या अळ्या कोवळी मुळे कुरतडू शकतात. पंधरा दिवसांनंतरही मुठीतून धारच निघत असेल, तर मात्र गांडुळे निवडून साध्या पाण्यात हलकेच विसळावीत, ओलसर कागदाच्या नव्या डब्यात सोडावीत आणि जुना माल बागेच्या कोपऱ्यात मातीखाली पुरून टाकावा.